विमानाचा कारखाना आणि दुधनीचा अभियंता

सोलापूर जिल्ह्यात विमानाचा विषय निघाला की गेली कित्येक वर्षे तो एका चिमणीपाशी येऊन थांबत असे. होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या वाटेत श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी उभी होती. ती असावी की नसावी यावर जिल्हा दुभंगला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली. २०२५ च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झाले. विमानात बसता यावे म्हणून जिल्ह्याने केलेला हा खटाटोप समजण्यासारखा आहे. परंतु याच सोलापुरात जन्मलेल्या एका पुरुषाने १९४० साली विमान बांधण्याचा कारखाना काढला होता, याची आठवण त्या साऱ्या वादात फारशी कोणी काढली नाही.

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे तुरीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे गाव महाराष्ट्राच्या अगदी कडेला आहे. गावाला रेल्वे स्थानक आहे आणि सोलापूरहून कलबुर्गी, वाडी, रायचूर, गुंतकल असा बंगळूरकडे जाणारा लोहमार्ग त्यावरूनच जातो. देशातील सर्वांत मोठा विमान कारखाना या मार्गाच्या एका टोकाला आहे आणि त्याच्या संस्थापकाचे जन्मगाव दुसऱ्या बाजूला जेमतेम काही स्थानकांवर. मधल्या गावांतील मुले आज अभियांत्रिकीच्या पदव्या घेऊन बाहेर पडत आहेत. साहजिकच त्यांच्यापैकी काहींच्या मनात त्या कारखान्याची जाहिरात पाहून आशा जागी होते. त्या आशेचे पुढे काय होते, कारखाना अशा तरुणाकडून नेमके काय मागतो आणि ते देण्याची तयारी आपल्याकडील शिक्षण त्याच्याकडून करून घेते काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

बंगळूरचे माळरान

वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. लोहमार्गाची आणि बोगद्यांची कंत्राटे, सिंधिया कंपनीची जहाजे, रावळगाव आणि वालचंदनगर येथील साखर असा त्यांचा व्याप वाढत गेला. १९३९ साली पॅसिफिक महासागरावरील एका विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या विमान उद्योगातील अमेरिकन गृहस्थाशी पडली. महायुद्धाला तोंड लागले होते. हिंदुस्थानात विमाने बांधता येतील काय, या वालचंदांच्या प्रश्नातून पुढची हालचाल सुरू झाली. जागा मिळाली ती म्हैसूर संस्थानात. दिवाण सर मिर्झा इस्माइल यांनी संस्थानातर्फे ७०० एकर जमीन आणि २५ लाख रुपयांचे भागभांडवल देऊ केले. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली आणि १९४१ साली तिने जुळवलेले पहिले हार्लो जातीचे शिकाऊ विमान आकाशात गेले.

हे श्रेय वालचंदांकडे फार काळ राहिले नाही. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत येताच सरकारला खासगी हातांतील हा कारखाना परवडेना. १९४२ च्या एप्रिलमध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. पुढे १ ऑक्टोबर १९६४ रोजी, मिग विमानांसाठी उभारलेली सरकारी कंपनी तिच्यात विलीन होऊन आजचे ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’, म्हणजे ‘एचएएल’, अस्तित्वात आले. त्याच सुमारास नाशिकजवळ ओझर येथे कारखान्याची पायाभरणी झाली आणि महाराष्ट्राच्या भूमीवर लढाऊ विमाने बांधली जाऊ लागली. एचएएलने सहाशेहून अधिक मिग-२१ विमाने बांधली. ओझरला पुढे सुखोई आले आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे बांधलेल्या पहिल्या ‘तेजस मार्क वन ए’ विमानाने उड्डाण केले.

इतिहासाचा हा धागा सांगायचा तो अभिमानासाठी नव्हे. दुधनीच्या तरुणाला विमान कारखाना हे परक्यांचे, महानगरवासीयांचे, मोठ्या तंत्रसंस्थांतून शिकलेल्यांचे क्षेत्र वाटते. ते तसे नाही, एवढे या इतिहासावरून कळावे. मात्र वाटेवर असणे वेगळे आणि दारातून आत जाणे वेगळे.

मुलाखतीतील साधा प्रश्न

अशा कारखान्यात अभियंता म्हणून शिरण्याचा मार्ग सर्वसाधारणपणे ठरलेला असतो. देशव्यापी जाहिरात, लेखी परीक्षा, मग मुलाखत. लेखी परीक्षेची तयारी करून देणारे वर्ग आता तालुक्यापर्यंत पोहोचले आहेत. मुलाखतीसाठीही प्रश्नोत्तरांच्या पुस्तिका मिळतात आणि मुले त्या पाठ करतात. घोटाळा होतो तो येथे.

अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेत पहिल्या-दुसऱ्या वर्षी शिकवली जाणारी एक गोष्ट घ्यावी: सुरक्षिततेचा गुणक. एखादी वस्तू जेवढा भार सोसणार असेल, त्याच्या किती पट भार तिला पेलता यावा याचे हे माप. उद्वाहनाच्या दोराला ते दहा-बारा पट धरतात. क्रेन, पूल, बाष्पपात्रे यांनाही बऱ्यापैकी ऐसपैस गुणक असतो. मग विमानाच्या सांगाड्याला तो किती असावा? ज्यात माणसे आकाशात जातात, ज्याला वाटेत थांबता येत नाही, त्याला वीसपट तरी असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो अवघा दीडपट असतो. सेवेत असताना जास्तीत जास्त जो भार येण्याची अपेक्षा आहे, त्याच्या दीडपट भारापर्यंत सांगाडा मोडता कामा नये, एवढीच अट.

‘दीड’ हे उत्तर पुस्तिकेत सापडते. ‘दीडच का’ याचे उत्तर मात्र विचार करणाऱ्यालाच देता येते. विमानात घातलेले प्रत्येक जादा किलो धातू विमानाला आयुष्यभर उचलून न्यावे लागते. तेवढे इंधन कमी, तेवढे अंतर कमी, तेवढे प्रवासी किंवा शस्त्रे कमी. जमिनीवरचा अभियंता आपल्या अज्ञानाची भरपाई जाड लोखंडाने करू शकतो, तशी सवलत विमानाच्या अभियंत्याला नाही. म्हणून भार किती येईल हे त्याला अधिक अचूक जाणून घ्यावे लागते. धातूच्या प्रत्येक पत्र्याचा दाखला तपासावा लागतो. एक पूर्ण सांगाडा चाचणीगृहात बांधून, त्याचे पंख वाकवून वाकवून, तो दीडपट भार खरोखर सोसतो की नाही हे पाहावे लागते. आणि त्यानंतर बांधले जाणारे प्रत्येक विमान त्या चाचणी केलेल्या सांगाड्यासारखेच आहे, याची ग्वाही कोणीतरी द्यावी लागते.

ही ग्वाही देणारा माणूस म्हणजे कारखान्यातील अभियंता आणि त्याच्या हाताखालचा निरीक्षक. जी सुरक्षितता धातूत ठेवता येत नाही, ती माणसात ठेवावी लागते. मुलाखत घेणारा जाणता असेल तर तो हीच गोष्ट हुडकत असतो. उमेदवाराला न येणारा एखादा प्रश्न तो मुद्दाम विचारतो. तेव्हा ‘मला ठाऊक नाही, परंतु मी असा विचार करीन’ असे म्हणणारा उमेदवार त्याला हवा असतो. आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर ठोकून देणारा उमेदवार इतर धंद्यांत कदाचित चालून जाईल, विमानाच्या कारखान्यात तो धोकादायक ठरतो.

सहीची किंमत

बाहेरून पाहणाऱ्यास विमान कारखान्यातील काम अद्भुत वाटते. आत गेलेल्याला ते प्रथम कंटाळवाणे वाटण्याचा संभव अधिक. नवी विमाने आखणारे अभियंते थोडे असतात. बहुसंख्य अभियंत्यांच्या वाट्याला दुसरी कामे येतात. संकल्पकाने काढलेल्या ड्रॉइंगवरून एखादा भाग कोणत्या क्रमाने, कोणत्या यंत्रावर, कोणत्या जिगमध्ये धरून करायचा हे लिहून काढणे, हे एक काम. ते लिहिल्याबरहुकूम झाले की नाही हे पाहणे, हे दुसरे. एखादे छिद्र मिलिमीटरच्या काही शतांशांनी मोठे पडले तर तो भाग फेकायचा, दुरुस्त करायचा की तसाच वापरण्याची परवानगी मागायची, याचा निर्णय घेणे, हे तिसरे आणि सर्वांत कठीण. पाळी संपताना प्रत्येक हत्यार आपापल्या खाचेत परत आले की नाही हे मोजले जाते, कारण पंखाच्या पोकळीत विसरलेला एक पाना नियंत्रणाची तार अडकवू शकतो. आणि प्रत्येक टप्प्यावर सही किंवा निरीक्षकाचा शिक्का. विमान उडते ते इंजिनाच्या जोरावर, हे खरे. पण त्याला उडण्याची परवानगी मिळते ती या सह्यांच्या चळतीवर.

या सहीचे मोल काय, हे जगातील एका बलाढ्य विमान कंपनीला ५ जानेवारी २०२४ रोजी कळले. अमेरिकेतील पोर्टलंडहून निघालेल्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानाच्या कुशीतील, दाराच्या जागी बसवलेले एक झाकण सुमारे सोळा हजार फुटांवर उडून गेले. १७७ माणसांपैकी कोणी दगावले नाही, हे दैव. चौकशीत आढळले ते असे: कारखान्यात काही रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी ते झाकण उघडले होते, परत लावताना ते जागी धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेच गेले नाहीत आणि झाकण उघडल्याची नोंदच कागदोपत्री नव्हती. नोंद नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून चूक कोणाच्या दृष्टीस पडली नाही. त्या कारखान्यात विद्वान अभियंत्यांची वाण नव्हती. उणीव होती ती एका कागदाची. त्याच कंपनीच्या मॅक्स जातीच्या दोन विमानांना २०१८ आणि २०१९ साली झालेल्या अपघातांत ३४६ माणसे मृत्युमुखी पडली होती, हे लक्षात घेतले म्हणजे असा कागद किती महाग असू शकतो हे कळते.

आता याच्या शेजारी आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रयोगशाळा ठेवून पाहावी. प्रयोग चौघांच्या गटाने करायचा, त्यातील एकाने हात लावायचा आणि तिघांनी पाहायचे. सत्र संपत आले की ‘सबमिशन’ची घाई. मागच्या वर्षीच्या जर्नलवरून या वर्षीचे जर्नल उतरवायचे. उत्तर किती यायला हवे हे आधीच ठाऊक असते, म्हणून रीडिंगे त्या उत्तरावरून मागे मागे लिहीत न्यायची. त्यावर अध्यापकांची सही होते. सही करणाऱ्याला ठाऊक असते, करून घेणाऱ्यालाही ठाऊक असते. ही पद्धत एखाद्याच महाविद्यालयाची नाही. राज्यभर तिला कोणी वावगे मानीत नाही. चार वर्षांत विद्यार्थी स्थितिशास्त्र कितपत शिकतो ते सांगता येणार नाही, पण सही ही एक उपचाराची बाब आहे हे मात्र तो पक्के शिकतो. असा पदवीधर विमानाच्या कारखान्यात गेला आणि पहिल्याच महिन्यात त्याच्यापुढे न पाहिलेल्या कामाचा कागद सहीसाठी आला, तर तो काय करील?

उशिराचा दाब

हा प्रश्न केवळ नैतिक उपदेशाचा नाही. आज भारतीय विमान उद्योगावर उशिराचा मोठा दाब आहे. ८३ तेजस मार्क वन ए विमानांचा करार २०२१ च्या फेब्रुवारीत झाला. विमाने २०२४ च्या आरंभापासून मिळू लागणार होती. अमेरिकेहून यायची इंजिने रखडली. मालिकेतील पहिले इंजिन २०२५ च्या मार्चमध्ये आले. त्याआधीच्या महिन्यात वायुदलप्रमुखांनी कारखान्यावरील आपली नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमाने सेवेतून निवृत्त झाली, त्या वेळी मंजूर ४२ स्क्वाड्रनऐवजी वायुदलाकडे २९ च उरल्या. आदल्याच दिवशी आणखी ९७ तेजसचा करार झाला. वायुदलाची तक्रार रास्त आहे; विमानाविना वैमानिक काय करणार?

परंतु हा दाब अखेर कोणावर येऊन पडतो? तो मंत्रालयातून महामंडळावर, महामंडळातून विभागावर आणि विभागातून त्या टेबलापाशी येतो, जेथे पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक अभियंता तपासणीचा कागद समोर घेऊन बसलेला असतो. महिनाअखेर असते. वरिष्ठ वाईट नसतात, त्यांनाही वर उत्तर द्यायचे असते. ‘आज सही करा, उद्या पाहून घेऊ’ हे वाक्य अशा वेळी फार सौम्य स्वरात उच्चारले जाते. अशा वेळी ‘नाही’ म्हणणे सोपे नाही. कायमची नोकरी आहे, गावाकडे घर बांधायचे आहे, धाकटीचे शिक्षण चालू आहे. त्या ‘नाही’ला संरक्षण देणे हे व्यवस्थेचे काम. निरीक्षण विभाग उत्पादन विभागापासून वेगळा ठेवणे आणि लष्करी विमानांवर शासनाच्या गुणवत्ता यंत्रणेचे स्वतंत्र निरीक्षक नेमणे या तरतुदी त्यासाठीच आहेत. पण कोणतीही तरतूद शेवटी एखाद्या माणसाच्या तोंडून बोलते. तो माणूस कसा घडला, हे महत्त्वाचे ठरते.

येथे कोणी म्हणेल की, एवढी काळजी करीत बसलो तर विमान कधी बाहेर पडणारच नाही. हा आक्षेप वरवरचा आहे. झाकलेली चूक काम वाचवीत नाही, ते पुढे ढकलते. ती पुढच्या टप्प्यावर दसपट खर्चाने उघडकीस येते किंवा उघडकीस न येता आकाशात जाते. वेळेवर सांगितलेले ‘हे चुकले आहे’ हा उशीर कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

सीमेवरची शिदोरी

तेव्हा दुधनीच्या तरुणाने बंगळूरला किंवा ओझरला जाताना कोणती शिदोरी बरोबर न्यावी? इंग्रजीचे दडपण त्याच्या मनावर सर्वांत अधिक असते. ते अगदीच निराधार नाही. ड्रॉइंगे, मानके, अहवाल सारे इंग्रजीत असतात आणि ते वाचता-लिहिता आलेच पाहिजे. पण अस्खलित बोलणे ही निराळी गोष्ट आहे. साध्या वाक्यांत नेमके सांगणाऱ्याला तांत्रिक मुलाखतीत भाषेमुळे सहसा कोणी परत पाठवीत नाही.

उलट, ज्या गोष्टीकडे तो उणीव म्हणून पाहतो ती त्याची जमेची बाजू आहे. दुधनीच्या घराघरांत कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा नांदतात. सीमाप्रश्नाच्या राजकारणात या दुभाषेपणाकडे संशयाने पाहिले गेले. बंगळूरच्या कारखान्यात मात्र रिव्हेट मारणाऱ्या जुन्या कारागिराशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा अभियंता दोन दिवसांत जे शिकतो, ते इतरांना सहा महिने लागून कळते. कारागीर आपली चूक परक्या भाषेत कबूल करीत नाही. आपल्या भाषेत विचारणाऱ्याला तो ती सांगतो. विमानाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे.

सीमाभागातून त्या कारखान्यात गेलेला पहिला माणूस तो असणार नाही. डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या खेड्यात झाला. जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळवली आणि १९४० साली वालचंदांच्या नव्या कारखान्यात ते दाखल झाले. १९५१ च्या ऑगस्टमध्ये आकाशात गेलेले ‘एचटी-२’ हे भारतीय बनावटीचे शिकाऊ विमान त्यांच्या नेतृत्वाखाली घडले आणि १९६४ साली उडालेले ‘किरण’ हे जेट विमानही. वायुदलाच्या वैमानिकांच्या पिढ्या या दोन विमानांवर उडायला शिकल्या. शिकाऊ विमान म्हणजे नवशिक्याची चूक सोसणारे विमान. ते बनवणाऱ्याच्या अंगी मानवी प्रमादाची जाण आणि स्वतःच्या गणितावरचा सावध विश्वास असावा लागतो.

घाटग्यांसारखी बुद्धी दर पिढीत निपजत नाही आणि कारखान्याला ती शेकड्यांनी लागतही नाही. कारखान्याला शेकड्यांनी लागतात ते खरे मोजणारे आणि मोजले तेच लिहिणारे लोक. असे लोक घडवण्यासाठी नवे विद्यापीठ नको, नवा निधीही फारसा नको. सोलापूर, अक्कलकोटच्या महाविद्यालयांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी एवढे करावे: प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती व्हर्नियर आणि मायक्रोमीटर द्यावा, त्याला जे माप मिळेल तेच लिहू द्यावे आणि पुस्तकातील उत्तराशी ते जुळले नाही तर गुण कापण्याऐवजी ‘का जुळले नाही’ हे लिहिणाऱ्यास अधिक गुण द्यावेत. उतरवलेल्या जर्नलवर सही करण्यास अध्यापकांनी नकार द्यावा. पहिल्या वर्षी ओरड होईल, दुसऱ्या वर्षी सवय लागेल. नोकरी विमानाच्या कारखान्यात मिळो वा न मिळो, अशा तऱ्हेने तयार झालेला मुलगा पुलाच्या, रुग्णालयातील यंत्रांच्या किंवा गावच्या पाणीयोजनेच्या कामावरही तितकाच उपयोगी पडेल.

दुधनीच्या बाजारात तूर विकायला येणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. काटा खरा आहे की खोटा, यावर त्याचे वर्ष अवलंबून असते. काट्यावर बसलेला माणूस किती शिकलेला आहे हे तो विचारीत नाही. पारडे स्थिर होईपर्यंत तो थांबतो की नाही, एवढेच तो पाहतो. बंगळूरच्या आणि ओझरच्या कारखान्यांनाही त्या गावाकडून नेमका असाच माणूस हवा आहे.